न्हाणीघरातले शास्त्र

कर्वेनगरातल्या कोणत्याही गल्लीत सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान उभे राहा, हातात कापडी पिशवी घेऊन घाईघाईने जिना चढणारी एखादी मावशी हमखास दिसेल. ती पोळ्या करणारी नव्हे. पोळ्यांच्या बाईंना उशीर झाला तर घरची मालकीण बोलते. या मावशींना उशीर झाला तर सारे घर मुकाट्याने वाट पाहते. बाळ-बाळंतिणीला तेल लावणाऱ्या मावशी त्या! ‘किती वाजता याल?’ असे त्यांना विचारायचे नसते. त्या सांगतील ती वेळ.

गेल्या वर्षी आमच्याकडेही अशा मावशी येऊ लागल्या. मी पडलो हिशेबी माणूस. उभा जन्म बँकेत आकडे मांडण्यात गेला. न्हाणीघराच्या दाराशी खुर्ची टाकून मी तो सोहळा पाहत बसे. मावशी पाटावर पाय लांब करून बसत, नातीला पायांवर पालथी घालीत आणि तेलाचा हात मानेपासून कमरेपर्यंत फिरवीत. एकदा मी घड्याळ लावून पाहिले. पाच सेकंद. पाठीची लांबी साधारण पंधरा सेंटिमीटर. म्हणजे सेकंदाला तीन सेंटिमीटर झाले.

हा आकडा पाहून मी उडालोच. कारण काय, ते सांगतो. आपल्या कातडीत काही बारीक, संथ चालीचे मज्जातंतू असतात. टोचले, भाजले, दाबले याच्याशी त्यांना फारसे कर्तव्य नसते. कोणी हळुवार हात फिरवला की ते जागे होतात. हात सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या वेगाने फिरावा, आणि तीनच्या आसपास असेल तर उत्तम. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, रक्त काढण्यासाठी टाचेला सुई टोचण्यापूर्वी तान्ह्या बाळांच्या अंगावरून याच वेगाने मऊ कुंचला फिरवला, तेव्हा वेदनेची मेंदूत उठणारी खळबळ कमी झाली. दसपट वेगाने फिरवला तेव्हा काही उपयोग झाला नाही.

हे सारे मी मोठ्या उत्साहाने मावशींना सांगितले. त्या म्हणाल्या, “अहो आजोबा, घाईनं चोळलं तर पोर रडतं. त्याला पट्टी कशाला लागते?”

मावशींचे सगळेच मला पटते असे मात्र नाही. नाक चिमटून सरळ करणे, कानात तेल सोडणे, वेखंडाची धुरी देणे, या गोष्टी डॉक्टरांनी साफ बंद करायला सांगितल्या. मावशी दोन दिवस घुश्शात होत्या. मी डॉक्टरांच्या बाजूचा! परंपरेतले चांगले ठेवावे, पण नाकात धूर कोंडून परंपरा टिकवू नये.

खरे म्हणजे आमची नात मावशींच्या पायांवर आली तीच मुळी दोन महिन्यांनी. तेहेतिसाव्या आठवड्यातच ती जन्माला आली. वजन एक किलो सातशे. काचेच्या पेटीत नळ्यांच्या जाळ्यात ती निजलेली, आणि पेटीच्या भोकातून आत हात घालायला सूनबाई धजेना. दिवसातून कितीदा तरी टाचेला सुई टोचत. “आई, माझा हातसुद्धा तिला सुईसारखाच वाटत असेल का हो?” असे तिने माझ्या पत्नीला विचारले, तेव्हा आमच्यापैकी कोणालाच उत्तर सुचले नाही.

पुढे कळले, की प्रश्न वेडगळ नव्हता. स्पर्श हा सर्वांत आधी जागा होणारा संवेद. गर्भाच्या आठव्या आठवड्याच्या सुमारासच ओठांपाशी काही लागले तर तो इवलासा जीव हलतो. पण ‘हा साधा स्पर्श’ आणि ‘ही इजा’ असा निवाडा मेंदूला लगेच जमत नाही. लंडनच्या संशोधकांनी 2011 साली दाखवले, की दोन्हींना मेंदू वेगवेगळा प्रतिसाद देऊ लागतो तो पस्तीस ते सदतीस आठवड्यांच्या दरम्यान. त्याआधी दोन्हींना उठते ती एकसारखी सरसकट खळबळ. आमची नात त्या उंबरठ्याच्या अलीकडे होती.

मग हात लावूच नये की काय? परिचारिकेने याचे उत्तर आमच्या चिरंजिवांना दिले. “शर्टाची बटणं काढा आणि बसा इथं!” टोपडे आणि लंगोट एवढ्यावर पोरीला त्याच्या उघड्या छातीवर उभी ठेवली आणि वरून कापडाने बांधली. माझ्या वडिलांच्या घरी वडीलधाऱ्यांदेखत बापाने स्वतःचे मूल उचलणे हा निर्लज्जपणा समजत. काचेपलीकडून मी पाहत होतो, आणि माझी नजर सवयीप्रमाणे यंत्रावरच्या आकड्यांकडे. मघापासून खालीवर नाचणारे आकडे हळूहळू एका जागी टेकले. तासाभराने सूनबाई म्हणाली, “आता मला द्या.”

ही कांगारू पद्धत काही श्रीमंतांच्या घरची नव्हे. कोलंबियातल्या बोगोटा शहरी 1978 साली डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी ती सुरू केली, कारण काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या, एकेकीत दोन-दोन बाळे ठेवावी लागत आणि रोगसंसर्ग पसरे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतासह पाच देशांत पाहणी झाली. प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलेल्या कमी वजनाच्या बाळांत पहिल्या महिन्यातले मृत्यू पावपट कमी झाले, असे 2021 साली प्रसिद्ध झाले.

बारशाला मावशींना आग्रहाने बोलावले होते. मावशी विधवा आहेत. पाहुण्यांपैकी एक बाई कुजबुजल्या, “पाळण्यात घालायला त्यांना नको, सवाष्णी आहेत की!” एवढी वर्षे कर्वेनगरात राहून ही भाषा! 1900 साली हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधून अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांचा आश्रम तिथे नेला, म्हणून तर आज या वस्तीला हे नाव. रोज जिच्या हाताखाली पोरगी बाळसे धरते, तिचा हात एका दिवसापुरता अशुभ कसा होतो, हे गणित मला सुटत नाही. माझ्या पत्नीने वाद घातला नाही. तिने बाळ उचलले आणि मावशींच्या हातात दिले. मावशींनी पदराने डोळे टिपले आणि मग पहिल्याने पाळणा त्यांनीच हलवला.

आता नात सहा महिन्यांची आहे. डॉक्टर जन्मतारखेपासून न मोजता अपेक्षित तारखेपासून मोजतात, तशी सहा. लंडनमध्ये 2015 साली केलेल्या एका मजेदार प्रयोगाचे मी वाचले होते: पाय एकमेकांवर आडवे ठेवून एका पावलाला हलकेच झंकार दिला, तर चार महिन्यांची बाळे बहुधा बरोबर तोच पाय हलवतात, पण सहा महिन्यांची बाळे गोंधळतात. कारण तोवर त्यांना शरीराबाहेरचे जग कळू लागलेले असते. डावा पाय डावीकडे असायचा, तो उजवीकडे कसा आला? असा पेच मोठ्या माणसांनाही पडतो. म्हटले, आपणही करून पाहावे. काल दुपारी तिचे पाय आडवे धरून मी मोरपिसाने उजवे पाऊल खाजवले. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले, मोरपीस हिसकावले आणि तोंडात घातले. आतून मावशींचा आवाज आला, “आजोबा, तेल लावायचंय, सोडा तिला!”