हस्तिदंती की मोतिया?

माजघरास रंग द्यावयाचा होता. चिरंजीवांना हस्तिदंती हवा, सूनबाईंना मोतिया. मला दोन्ही सारखेच दिसत. वाद पोरकट वाटला. तथापि शेजारच्या रंगाने रंगाचे रूप पालटते, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने १८३९ साली प्रतिपादिलेले तत्त्व स्मरले. म्हणून दोन्ही पट्टे काळपट सागवानी चौकटीलगत लावून सकाळी व दिवेलागणीस पाहिले. पिवळ्या दिव्याखाली हस्तिदंती अधिकच पिवळा झाला; मोतिया त्या मानाने उजळ राहिला. मोतीबिंदूने दृष्टी मंदावलेल्या आमच्या सौभाग्यवतींस विचारले. “अहो, या मोतियाशेजारी दार लवकर सापडते,” त्या म्हणाल्या. चिरंजीवांनी निमूटपणे मोतिया आणविला. सौभाग्यवती हल्ली भिंत चाचपीत दारापर्यंत जातात, हे मी मात्र तोवर पाहिलेच नव्हते.