बांधाला दार हवे : दिवाडी बेटावरील सायकलवाट

कळमेश्वरच्या काळ्या मातीत आणि संत्र्याच्या बागांच्या शेजारी ज्याचे आयुष्य गेले, त्याला भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीचे अप्रूप वाटणारच. अशी जमीन म्हटली की नेदरलँड्स आठवते. त्या देशाचा सुमारे चतुर्थांश भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. तेथील लोकांनी १९३२ साली ३२ किलोमीटर लांबीचा बांध पुरा करून एक आखातच समुद्रापासून तोडले. त्या सपाट भूमीवर सत्तरी ओलांडलेली माणसेही सायकलीवरून भाजी आणायला जातात. परंतु तशी वाट पाहण्यासाठी आपल्याला इतके दूर जायला नको. मांडवी नदीतील दिवाडी बेट पुरेसे आहे.

तेथे मी गेलो तो वडिलांसह, आणि मनात एक सल घेऊन. बाबा शिक्षक होते. आषाढीला धापेवाड्याच्या विठ्ठलाला ते वर्षानुवर्षे सायकलने जात. शहात्तराव्या वर्षी ते पडले आणि मनगटाचे हाड मोडले. हाड जुळून आले, पण मी सायकल मागच्या खोलीत ठेवून कुलूप लावले. वर्षभरात त्यांच्या मांड्या बारीक झाल्या. खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागू लागला. रुग्णांना रोज हालचालीचे महत्त्व सांगणाऱ्या माझ्या लक्षात हे फार उशिरा आले.

पुढच्या डिसेंबरात भाचीच्या लग्नासाठी आम्ही गोव्यात होतो. जुन्या गोव्याहून फेरीबोटीत बसलो की थोड्याच वेळात दिवाडीचा धक्का येतो. तेथून पियेदाद गावाच्या टेकडीपर्यंतचा रस्ता सखल शेतांमधून जातो. दोन्ही बाजूंना पाणथळ, त्यात उभे बगळे, तारेवर खंड्या, आणि कडेला खारफुटीची हिरवी रेघ. या शेतांना 'खाजन' म्हणतात. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून गावकरी संस्थांनी माती, जांभा दगड आणि पेंढा वापरून बांध घातले व ते राखले. खेकड्यांनी पोखरलेले भोक वेळीच बुजवले नाही, तर खारे पाणी शेतात शिरते. म्हणून बांधावर सतत लक्ष ठेवावे लागते.

या बांधांना लाकडी दारे असतात. त्या दाराला 'मानस' म्हणतात. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच ते मिटते आणि ओहोटीला आतले पाणी त्याला ढकलून बाहेर पडते. दार नसते तर पावसाळ्यात शेत आपल्याच पाण्यात बुडाले असते. पावसाने क्षार धुऊन निघतात आणि खारेपणा सोसणारे कोरगुट भात उभे राहते. दाराशीच मासे आणि कोळंबीही मिळते.

बाबा हे सारे शांतपणे पाहत होते. मग म्हणाले, "डॉक्टर, तू नुसताच बांध घातलास. दार ठेवलेच नाहीस."

मला उत्तर सुचले नाही. भाड्याने आणलेली, मधला दांडा नसलेली सायकल मी त्यांच्यापुढे धरली. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी बैठक खाली केली, शिरस्त्राण घातले आणि शेजारून चालू लागलो. रहदारी जवळजवळ नव्हती. ते जेमतेम अर्धा किलोमीटर गेले, त्यातही दोनदा थांबले. "अरे, रस्ता सपाट आहे, घाबरतोस कशाला?" हे वर मलाच ऐकवले. टेकडीचा चढ मात्र आम्ही रिक्षाने गाठला.

आपल्या घरी असा प्रश्न असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चक्कर, फिट, छातीत दुखणे, अलीकडचा पक्षाघात किंवा मोतीबिंदूमुळे अंधूक झालेली दृष्टी असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना दाखवावे. तोवर सायकल नको. मधुमेहाची औषधे वा इन्सुलिन चालू असेल तर खिशात साखर असावी. चालवताना सहज बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. तोल कमी असेल तर तीनचाकी सायकल बरी. गोव्याला नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी लवकर जावे. रस्ता सोडून बांधावर सायकल नेऊ नये, तो अरुंद आणि निसरडा असतो. सायकल जमत नसेल त्यांनी शेजारच्या चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात खारफुटीतील पक्षी पाहावेत. त्यातही आनंद आहे.

घरी परतल्यावर बाबांनी आधी खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा सराव केला, रोज सकाळ-संध्याकाळ, मी जवळ उभा असताना. तीन महिन्यांनी मागच्या खोलीचे कुलूप निघाले. ट्रक धावतात तो रस्ता त्यांना अजूनही वर्ज्य आहे. बागांमधली सकाळची वाट त्यांची आहे. ते पुन्हा पडणारच नाहीत, अशी हमी मी देऊ शकत नाही. काळजी घेणाऱ्यांनो, बांध अवश्य घाला. पण ओहोटी केव्हा आहे ते पाहा, आणि तेव्हा दार उघडू द्या.