डेअरी, साहेबी उच्चार आणि आपलं नाटक

लंडनमध्ये १९५६ साली जॉन ऑस्बर्नचं 'लुक बॅक इन अँगर' आलं आणि दिवाणखान्यात चहा पीत सुबक बोलणाऱ्या ब्रिटिश नाटकाला चांगलाच हादरा बसला. पोटमाळ्यावरची भाड्याची खोली, इस्त्रीचं टेबल आणि सतत धुमसणारा नायक! पाठोपाठ पिंटर आणि वेस्कर आले. साध्या माणसांची बोली रंगमंचावर चालते, हे साहेबाला तेव्हा पटलं.

न्यूझीलंडला ते पटायला आणखी वेळ लागला. इथे 'घर' म्हणजे इंग्लंड असं मानणारी माणसं बरीच होती, त्यामुळे नाटकं तिकडची आणि उच्चारही तिकडचे. आपल्या बोलीत गंभीर काही बोलता येतं, यावर स्वतःचाच विश्वास नाही. मराठी माणसाला हे निराळं समजावून सांगायला नको!

यातली गंमत अशी, की ही कोंडी फोडणाऱ्यांत एक जण इंग्लंडातच जन्मलेला होता. रॉजर हॉल १९५८ साली इथे आला. १९७६ साली वेलिंग्टनच्या सर्का थिएटरमध्ये त्याचं 'ग्लाइड टाइम' झालं. विषय काय, तर सरकारी कचेरीतले कारकून. पुलंच्या 'असा मी असामी'तल्या धोंडो भिकाजी जोशींना तिथे अजिबात परकं वाटलं नसतं. लोक स्वतःलाच बघून हसले. पुढे त्याचं 'मिडल एज स्प्रेड' १९७९ साली लंडनच्या वेस्ट एंडला गेलं आणि तिथे त्या वर्षीच्या सर्वोत्तम विनोदी नाटकाचं पारितोषिक घेऊन आलं. उलटी गंगा म्हणतात ती हीच.

पण मला जास्त जवळचं वाटतं ते १९९७ सालचं 'कृष्णन्स डेअरी'. इथे डेअरी म्हणजे दुधाची नव्हे, तर कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान. ते चालवणारं भारतीय जोडपं आणि त्यांच्या गोष्टीत गुंफलेली ताजमहालाची गोष्ट, असं हे नाटक. जेकब राजन मुखवटे बदलत सगळी पात्रं एकटाच करतो. तो केरळी आईबापांचा मुलगा, लहानपणीच इथे आलेला. गल्ल्यामागच्या ज्या माणसाकडे गिऱ्हाईक नीट बघतही नाही, त्याला त्याने नायक केलं.

आता प्रश्न आपला. परदेशात आम्ही मराठी मंडळी जमलो, की नाटक निवडतो ते पुण्यामुंबईचंच. 'ती फुलराणी' मलाही प्राणप्रिय आहे. (तीही शॉची, म्हणजे मूळची तिकडचीच. पण पुलंनी तिला अस्सल मराठी बोली दिली, म्हणून ती आपली झाली.) मात्र व्हिसाची वाट बघणारा नवरा, इंग्रजीत उत्तर देणारी मुलगी, सहा महिन्यांसाठी आलेले आणि खिडकीपाशी बसून राहणारे आजोबा, ही माणसं मराठी नाटकात मला अजून हवी तशी भेटलेली नाहीत.

ती लिहायला पुण्याहून कोणी येणार नाही. इथे वाढलेली आमची मुलं लिहितील, पण बहुधा इंग्रजीत. मराठीत लिहायचं असेल, तर ते आमच्याच पिढीला करावं लागेल, आणि हाताशी वेळ फार नाही.