थोरल्या रोपाचे आळे

आमच्या नागावच्या वाडीत धाकटी नात जन्मली, तेव्हा थोरली चार वर्षांची. 'बाळाला हात लावू नकोस, गप्प बस,' एवढेच दिवसभर तिच्या कानी पडे. एका दुपारी सून बाळाला पाजत होती, थोरली दिसेना. सापडली ती विहिरीच्या काठाशी, एकटी. छातीत धस्स झाले.

दुसऱ्याच दिवशी विहिरीवर जाळी बसवली. पण पोरीचे मन कशात रमवावे? ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षण सुरू केले, ते शिंपले, बिया, पाने अशा गावातल्याच वस्तूंवर. मीही सूपभर शिंपले आणले. आईच्या खाटेजवळ बसून ती लहानमोठे निवडू लागली. दुपट्यांच्या घड्याही तिच्याकडे आल्या. बाळ निजले की थोडा वेळ आई फक्त तिची.

मंडळी, नव्या रोपाला पाणी घालताना जुन्याचे आळे कोरडे ठेवू नये.