न्यूमार्केटची पागा आणि वाफवलेले गवत

केंब्रिजहून पूर्वेला वीसेक किलोमीटरवर न्यूमार्केट नावाचे लहान गाव आहे. वस्ती वीस हजारांहून कमी, पण शर्यतीचे घोडे मात्र जवळपास तीन हजार. सकाळच्या वेळी इथे मोटारी थांबतात आणि घोड्यांची रांग शांतपणे रस्ता ओलांडते. घोड्यांसाठी गावातून वेगळ्या वाटा राखून ठेवल्या आहेत. काही ठिकाणी सिग्नलचे बटण उंचावर बसवलेले असते, म्हणजे स्वाराला खाली उतरावे लागत नाही.

गेल्या ऑक्टोबरमध्ये भाचीकडे केंब्रिजला राहण्याचा योग आला. तिथल्या मिल रोडवर २०१९ साली खुली झालेली नवी मशीद आहे. आतले लाकडी खांब झाडांसारखे वर जातात आणि छताशी फांद्यांसारखे एकमेकांत गुंफले जातात. जुम्याच्या नमाजनंतर बाहेर माणसे बोलत उभी होती. त्यांत एक तरुण मराठीत फोनवर बोलताना ऐकू आला, म्हणून मीच सलाम करून चौकशी केली. तो पुण्याचा निघाला. त्याचे अब्बा पुण्याच्या रेसकोर्सवर मोतद्दार होते आणि तो स्वतः न्यूमार्केटच्या एका पागेत घोडे फिरवायचे काम करतो. भारतातून गेलेले असे बरेच तरुण तिथल्या पागांमध्ये आहेत. "खाला, घोड्यांचे गाव बघायचे असेल तर पहाटे या," तो म्हणाला, "दुपारी नुसती दुकानेच दिसतील."

शर्यतीवर पैसे लावणे हा जुगार, तो आपल्याला वर्ज्यच. पण या गावाचे आपल्या दुनियेशी एक जुने नाते आहे. आज जगभर धावणाऱ्या थरोब्रेड घोड्यांची नरवंशावळ मागे नेली की ती तीनच घोड्यांपाशी थांबते, आणि तिन्ही पूर्वेकडून आणलेले. त्यांतला डार्ली अरेबियन १७०४ साली सीरियातल्या हलब शहरातून इंग्लंडला आला. दुसरा बायर्ली टर्क. तिसरा गोडोल्फिन अरेबियन, जो १७५३ मध्ये मेला. त्याची कबर केंब्रिजजवळच्या वँडलबरी येथे जुन्या पागेच्या कमानीखाली आहे. न्यूमार्केटला जायच्या आदल्या दिवशी भाचीने मला तिथे नेले. माणसांनी घोड्याची कबर अडीचशे वर्षे जपली, हे पाहून बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी फजर पढून आम्ही निघालो. पागेत पोहोचलो तेव्हा अंधारच होता, पण काम सुरू झाले होते. कुणी लीद काढत होते, कुणी खरारा करत होते. घोड्यांची पहिली तुकडी वॉरन हिल नावाच्या चढावर पळायला निघाली होती. अंगणाच्या कोपऱ्यात एक मोठी बंद पेटी होती, तिच्या कडांतून पांढरी वाफ निघत होती. मला वाटले, माणसांसाठी पाणी तापत असेल. तो तरुण हसला. "हे घोड्यांचे गवत शिजतंय, खाला."

म्हटले तर ते खरेच होते. पेटीच्या तळाशी भोके असलेले लोखंडी सुळे असतात. त्यांवर वाळलेल्या गवताचा गठ्ठा खोचून झाकण लावतात. शेजारच्या बॉयलरमधून आलेली वाफ त्या सुळ्यांतून थेट गठ्ठ्याच्या पोटात शिरते. तासभर हे चालते, तेव्हा गाभ्यापर्यंतचे गवत शंभर अंशांच्या आसपास तापते. झाकण उघडले तेव्हा गोडसर, चहापत्तीसारखा वास आला. गवत किंचित तपकिरी आणि मऊ झाले होते.

एवढा खटाटोप कशासाठी? त्याने कोरड्या गवताची एक मूठ उचलली, दिव्याच्या झोतात धरून झटकली. धुरासारखी धूळ उडाली. तिच्यात मातीपेक्षा बुरशीचे बीजाणू, जिवाणू आणि बारीक किड्यांचे अवशेष जास्त असतात. इंग्लंडमध्ये गवत जून-जुलैत कापतात. पावसाचा भरवसा नसतो. नीट वाळायच्या आत गठ्ठे बांधले की ते आतून तापतात आणि बुरशी धरतात. वरून गवत हिरवे, चांगले दिसते. छातीत खोलवर जाणारे कण पाच मायक्रॉनहूनही लहान असतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शापेक्षाही बारीक. ते डोळ्यांना दिसत नाहीत.

घोड्याची अडचण अशी की तो तोंडाने श्वास घेऊच शकत नाही, सगळा श्वास नाकानेच. उभा असताना तो मिनिटाला आठ ते सोळा श्वास घेतो. भरधाव पळताना प्रत्येक टापेच्या फेरीला एक श्वास, म्हणजे मिनिटाला शंभराच्या वर. रानात चरताना त्याचे डोके खाली असते, हवा मोकळी असते आणि नाकातला शेंबूड आपोआप खाली गळून जातो. तबेल्यात हे सारे उलटे होते. गवत जाळीत उंच टांगलेले, नाक त्या धुळीत खुपसलेले, आणि दिवसाचे तेवीस तास त्याच चार भिंती. मग श्वासनळ्या सुजतात, कफ साठतो. याला घोड्याचा दमा म्हणतात. सौम्य असेल तर घोडा फक्त कधी तरी ठसकतो आणि पळताना मागे पडतो. वाढला तर उभ्या उभ्या धाप लागते, पोट आत ओढले जाते.

त्या पागेत चार वर्षांची एक कुमैत घोडी होती. मागच्या हिवाळ्यात ती पळायला निघताच खोकायची. अंगात जोर नाही, स्वभाव आळशी, असा तिच्यावर शिक्का बसला होता. मालक तिला विकायला निघाला होता, आणि हरत्या घोडीला पुढे कोणते घर मिळेल याचा नेम नसतो. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पाहिले, तर श्वासनळीत कफ भरलेला. औषधे होती, पण शर्यतीच्या दिवशी घोड्याच्या अंगात त्यांचा अंशही चालत नाही आणि धूळ तशीच राहिली तर औषध थांबताच खोकला परत येतो. म्हणून तिचे गवत वाफवायला सुरुवात केली. खाली पेंढ्याऐवजी लाकडाचा भुसा अंथरला, आणि शेजारच्या घोड्याच्या खणातही तोच, कारण हवा दोघांची एकच. काही आठवड्यांत खोकला थांबला, असे त्या तरुणाने सांगितले. मी पाहिले तेव्हा ती डोके खाली घालून जमिनीवरचे वाफवलेले गवत खात होती.

गवत पाण्यात भिजवून का देत नाहीत, हा माझा पुढचा प्रश्न. भिजवण्याची रीत जुनीच आहे. त्याने धूळ बसते, पण तासन्‌तास भिजत ठेवले तर गवतातली साखर आणि क्षार पाण्याबरोबर निघून जातात, आणि जिवाणू कमी होण्याऐवजी वाढतात. इंग्लंडच्या सायरेन्सेस्टर गावातल्या शाही कृषी विद्यापीठात यावर बरेच संशोधन झाले आहे. पेटीत नीट वाफवल्यास छातीत जाणारे कण नव्वद टक्क्यांहून अधिक कमी होतात, असे त्यात आढळले. मात्र किटलीतले उकळते पाणी गवतावर ओतून डबा झाकून ठेवण्याचा घरगुती उपाय धोक्याचा ठरला. त्यात धूळ बसते, पण गवत पुरते तापत नाही आणि जिवाणू उलट फोफावतात. सांदणे उकडणाऱ्या आपल्या बायकांना हे सांगायला नको. वाफ कमी पडली की सांदण वरून फुललेले दिसते, पण मध्ये कच्चेच राहते. शिवाय वाफवलेले गवतही ओलेच असते. ते निवताच घालायचे, शिळे करायचे नाही.

निघताना त्या तरुणाने एक गोष्ट सांगितली. लहानपणी अब्बांना रात्रभर खोकताना ऐकल्याचे त्याला आठवत होते. घरच्यांना वाटायचे, विडीमुळे. असेलही. पण बुरशीच्या गवतात काम करणाऱ्या माणसांच्या फुप्फुसांना होणारा आजार वैद्यकाला चांगलाच ठाऊक आहे. इंग्लंडच्या डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांमध्ये तो १९३२ साली नोंदवला गेला. त्याला शेतकऱ्याचे फुप्फुस असेच म्हणतात. घोड्याच्या खणात जी हवा आहे, तीच मोतद्दाराच्या छातीत जाते. "आता मी गठ्ठा सोडताना मास्क लावतो," तो म्हणाला. "अब्बांना कुणी सांगितलेच नाही."

आपल्याकडे माथेरानला घोड्यांवर कितीतरी घरे चालतात. गावोगाव लग्नाच्या वरातीचे घोडे आहेत. त्यांच्या मालकांना अशी पेटी परवडणार नाही, पण बिनखर्चाचे बरेच काही करता येते. कुबट वासाचे किंवा आत काळपट पडलेले गवत घोड्याला घालू नये, स्वस्त मिळाले तरी. गठ्ठा घोड्यापाशी न झटकता बाहेर, वारा असेल तिथे झटकावा, आणि नाकातोंडाला फडके बांधावे. गवत उंच न टांगता स्वच्छ जमिनीवर घालावे. पाणी मारायचे तर घालण्याच्या अगदी आधी, भिजवून उन्हात ठेवू नये. तबेल्याची वरची झडप उघडी राहू द्यावी, वारा घोड्याला बाधत नाही, कोंदट हवा बाधते. आणि घोडा पुन्हा पुन्हा ठसकत असेल तर चाबूक उगारण्याआधी जनावरांच्या डॉक्टरला दाखवावे.

मुके जनावर ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्याचे पोट भरले की अमानत पाळली, असे आपल्याला वाटते. न्यूमार्केटची ती घोडीही पोटभरच खात होती. तिला चाऱ्यातली धूळ छळत होती, आणि सगळे जण तिला आळशी म्हणत होते.