कातेते राजवाड्यातील पत्र

१. २४ ऑगस्ट १९५४. ब्राझीलची राजधानी तेव्हा रिओ दि जानेरो होती. सकाळी साडेआठच्या सुमारास कातेते राजवाड्यातील आपल्या शयनकक्षात राष्ट्राध्यक्ष जेतुलियो वार्गास यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. वय ७२. थोड्याच वेळात त्यांच्या नावाचे एक पत्र रेडिओवरून देशभर वाचले गेले. कालपर्यंत त्यांच्या राजीनाम्यासाठी घसा कोरडा करणाऱ्यांवर त्याच दिवशी लपून बसण्याची पाळी आली.

२. या मृत्यूचे वर्णन पुष्कळदा ‘राजकारणातील अखेरची चाल’ असे केले जाते. वाक्य आकर्षक आहे, पण ते पुरते खरे आहे का? त्यासाठी हा माणूस सत्तेवर कसा आला, येथून सुरुवात करावी लागते.

३. वार्गास दक्षिणेकडच्या रिओ ग्रांदे दो सुल प्रांतातले, साओ बोर्जा या सीमेवरच्या गावचे. १९३० ची अध्यक्षीय निवडणूक ते हरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झालेल्या सशस्त्र उठावाने मात्र त्यांना सत्तेवर बसवले. १९३७ मध्ये त्यांनी संसद बंद केली, पक्षांवर बंदी घातली, वृत्तपत्रांवर नियंत्रण आणले आणि ‘एश्तादो नोवो’ म्हणजे ‘नवे राज्य’ घोषित केले. ही उघड हुकूमशाही होती.

४. तिची काळी बाजू विसरता येत नाही. १९३६ मध्ये, म्हणजे ‘नवे राज्य’ येण्याआधीच, ओल्गा बेनारियो या ज्यू वंशाच्या जर्मन कम्युनिस्ट स्त्रीला गर्भवती असताना वार्गास सरकारने हिटलरच्या जर्मनीकडे सोपवले. १९४२ मध्ये नाझींनी तिला ठार केले. वार्गास यांचे चरित्र लिहिणाऱ्या कोणालाही हे पान उलटून पुढे जाता येत नाही.

५. आणि तरीही ब्राझीलचा कामगार त्यांना ‘गरिबांचा बाप’ म्हणत असे. १९४० मध्ये किमान वेतन लागू झाले, १९४३ मध्ये कामगार कायद्यांची एकत्रित संहिता आली. कारखान्यातल्या माणसाला रजा आणि कामाचे ठरलेले तास हे हक्क म्हणून मिळू लागले. देणाऱ्याच्या हाती दंडुका होता हे खरे. पण मिळालेले खोटे नव्हते.

६. दुसऱ्या महायुद्धात ब्राझीलच्या फौजा इटलीत फॅसिझमविरुद्ध लढल्या. परदेशात हुकूमशाहीशी लढायचे आणि मायदेशी तिच्याच छत्राखाली राहायचे, ही विसंगती फार काळ टिकणारी नव्हती. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी सेनाधिकाऱ्यांनी वार्गास यांना पायउतार केले. ते साओ बोर्जाला परतले.

७. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. ते हरले होते, पण संपले नव्हते. १९५० मध्ये ते निवडणुकीला उभे राहिले आणि जनतेच्या मतांनी, कायदेशीर मार्गाने, पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले. एका पराभवानंतर पाच वर्षांत परतीची वाट सापडते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

८. दुसरी कारकीर्द मात्र खडतर ठरली. महागाई वाढत होती. १९५३ मध्ये खनिज तेलाचा उद्योग सरकारी मक्तेदारीखाली आणणारी ‘पेत्रोब्रास’ कंपनी स्थापन झाली आणि परकीय भांडवलाचे पाठीराखे दुखावले. मजूरमंत्री जुआंव गुलार यांनी किमान वेतन दुप्पट करण्याचा आग्रह धरताच सैन्यातले कर्नल जाहीरनामा काढून उभे राहिले. गुलार यांचे मंत्रिपद गेले. पण १ मे १९५४ रोजी वार्गास यांनी वेतनवाढ जाहीर केलीच.

९. विरोधकांत सर्वांत धारदार लेखणी कार्लोस लासेर्दा या पत्रकाराची. ५ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर कोपाकबाना भागातील तोनेलेरो रस्त्यावर, घराच्या दारातच त्यांच्यावर हल्ला झाला. लासेर्दा पायाला जखम होऊन बचावले. सोबत असलेले हवाई दलाचे मेजर रुबेन्स वाझ मात्र मारले गेले. हवाई दलाने तपास स्वतःच्या हाती घेतला. धागेदोरे थेट राजवाड्यात पोहोचले: अध्यक्षांच्या खाजगी संरक्षक दलाचा प्रमुख ग्रेगोरियो फोर्तुनातो यात गुंतलेला निघाला.

१०. वार्गास यांना या कटाची कल्पना होती, असा पुरावा पुढे आला नाही. पण ज्याच्या उंबऱ्याआडून मारेकरी निघाला, त्याला ‘मला ठाऊक नव्हते’ एवढे म्हणून सुटता येत नाही. हवाई दलाच्या आणि पाठोपाठ भूदलाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी राजीनामा मागितला. उपराष्ट्राध्यक्ष काफे फिल्यो यांनी आपण दोघांनी मिळून पद सोडावे असे सुचवले. वार्गास यांनी नकार दिला.

११. २३ ऑगस्टच्या रात्री मंत्रिमंडळाची बैठक बसली आणि ती पहाटेपर्यंत चालली. कन्या आल्झिरा तेथे होती. शरण जाऊ नये, असे ती मंत्र्यांना बजावत होती. अखेर वार्गास यांनी तात्पुरती रजा घ्यावी, अशी तडजोड निघाली. पण सेनाधिकाऱ्यांच्या दृष्टीने ही रजा म्हणजे कायमची रवानगीच होती. तसा निरोप सकाळी राजवाड्यात पोहोचला. पुढचे सर्वांना माहीत आहे.

१२. पत्रात वार्गास यांनी आपल्या मृत्यूचा दोष देशातील आणि परदेशातील हितसंबंधी गटांवर ठेवला होता, आणि स्वतःला जनतेसाठी दिलेला बळी म्हटले होते. परिणाम विजेसारखा झाला. जमाव रस्त्यांवर उतरला, विरोधी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांवर चालून गेला. पोर्तो आलेग्रेत जाळपोळ झाली. रिओत लाखो लोक शवपेटीमागे चालले. लासेर्दांना लपावे लागले आणि सैन्याला हाती आलेली सत्ता घेता आली नाही. १९५५ च्या निवडणुकीत वार्गास यांच्याच राजकीय परंपरेतले जुसेलिनो कुबिचेक राष्ट्राध्यक्ष झाले, गुलार उपराष्ट्राध्यक्ष.

१३. येथवर वाचले की ‘अखेरची चाल’ हे वर्णन पटू लागते. पण आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली: ज्याला लोक ‘विजय’ म्हणतात तो दहा वर्षेच टिकला. १९६४ मध्ये सैन्याने गुलार यांना हटवले, लासेर्दांनी त्या उठावाला साथ दिली, आणि देश १९८५ पर्यंत लष्करी राजवटीखाली राहिला. एका माणसाच्या मृत्यूने संकट पुढे ढकलले गेले; सुटले नाही.

१४. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. वार्गास यांची रोजनिशी १९९५ मध्ये प्रकाशित झाली. तिच्यात १९३० सालच्या, उठावाच्या काळातल्या नोंदींमध्येच अपयश आले तर प्राण देऊन त्याची भरपाई करावी लागेल, अशा अर्थाचा विचार आढळतो. म्हणजे ही कल्पना त्या एका सकाळी सुचलेली नव्हती. अपमान आणि मृत्यू यांची सांगड त्या मनात २४ वर्षांपूर्वीच घातली गेली होती. ज्याला आपण मुत्सद्द्याचा हिशेब समजतो, तो कदाचित एका थकलेल्या माणसाचा जुना, कोणी वेळीच न ओळखलेला विचार होता.

१५. त्या सकाळी वार्गास यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती का? होती. राजीनामा होता, साओ बोर्जा होते, १९५० चा अनुभव होता. बाजू घेऊन भांडणारी लेक त्याच घरात होती. वाटा संपल्या नव्हत्या. त्यांना त्या दिसेनाशा झाल्या होत्या. इतिहासाच्या अभ्यासकाने हा फरक सोडू नये, कारण तो सोडला की मृत्यूचे स्तोत्र तयार होते आणि माणूस हरवतो.

१६. १९६० मध्ये राजधानी ब्राझिलियाला गेली आणि कातेते राजवाडा प्रजासत्ताकाचे संग्रहालय झाला. तेथे तो शयनकक्ष जतन केला आहे. पुढे वार्गास यांची खाजगी कागदपत्रे त्यांच्या नातीच्या पुढाकाराने १९७३ मध्ये उभ्या राहिलेल्या अभ्यासकेंद्रात आली. एक पत्र साऱ्या देशाने ऐकले. हजारो साध्या कागदांतून माणूस उलगडण्याचे काम मात्र अजून चालू आहे. वार्गास यांना समजून घ्यायचे असेल तर त्या कागदांकडे जावे.

(धागा समाप्त. हे वाचताना कोणाचे मन जड झाले असेल, तर जवळच्या माणसाशी बोलावे. भारतात ‘टेली-मानस’ची मदत १४४१६ या क्रमांकावर मिळते.)