पंचांमुखीं परमेश्वर

पंचांमुखीं परमेश्वर असतो, असें आपण म्हणतों. पण पंचांचीं मुखें पांच दिशांना वळलीं, तर परमेश्वर कोणत्या मुखानें बोलला हें कोणीं ठरवावें? महाविद्यालयांत इतकीं वर्षें घालवूनही हा प्रश्न आम्हांला कधीं पडला नव्हता. तो पडला शिक्रापुरास, आमच्या घराच्या ओसरीवर, आणि तोही गाण्याच्या निमित्तानें.

झालें असें कीं, गांवांतील तरुण मंडळींनीं गणेशोत्सवांत श्रोत्यांच्या आवडीचें गाणें निवडण्याचा घाट घातला. एक लावणी, एक अभंग आणि एक नाट्यपद अशीं तीन गाणीं शेवटीं उरलीं. "सर, मतें आम्ही गोळा करतों, निवाडा तुम्ही करा," असें म्हणून त्यांनीं चिठ्ठ्यांचा डबा आमच्यापुढें ठेवला. प्रत्येकानें तिन्ही गाणीं पसंतीच्या क्रमानें लिहावीं, ही सूचना आमचीच. मोजणी कोणत्या रीतीनें करावयाची, हें मात्र आधीं सांगावयाचें राहून गेलें. नगर रस्त्यावरून जाणाऱ्या मालमोटारींचा आवाज ऐकत आम्ही रात्रीं चिठ्ठ्या मोजूं लागलों, तेव्हां ती चूक कळली.

चिठ्ठ्या ६६ होत्या. पहिली पसंती लावणीला २७ जणांची, नाट्यपदाला २४ जणांची, अभंगाला अवघ्या १५ जणांची. नुसती पहिली पसंती धरली तर लावणी जिंकली. पण उरलेल्या ३९ जणांपैकीं ३४ जणांनीं तिला अगदीं शेवटीं लिहिलें होतें!

तेव्हां आम्ही राष्ट्रपतींच्या निवडणुकीची रीत घेतली. तींत सर्वांत मागचा उमेदवार गळतो आणि त्याच्या चिठ्ठ्या पुढच्या पसंतीकडे जातात. १९६९ सालीं व्ही. व्ही. गिरी निवडून आले ते असेच, दुसऱ्या पसंतीचीं मतें मोजल्यावर. येथें अभंग गळला. त्याच्या १० चिठ्ठ्या नाट्यपदाकडे व ५ लावणीकडे गेल्या. नाट्यपद ३४, लावणी ३२.

आम्हांला आनंद झाला, हें लपवीत नाहीं. वडिलांच्या ग्रामोफोनवर तें नाट्यपद ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालों. शिवाय राष्ट्रपतींच्या रीतीला नांवें ठेवण्याची छाती कोणाची होणार? दिवा मालवून निजावें, असें मनांत आलें. निजलोंही. पण झोंप येईना.

फ्रेंच नौदलांतील गणिती बोर्दा यानें १७७० सालीं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें क्रमाप्रमाणें गुण देण्याची रीत मांडली होती. पुन्हा दिवा लावून आम्ही पहिल्या पसंतीस २ व दुसरीस १ गुण दिला. अभंगाला ८१, लावणीला ५९, नाट्यपदाला ५८! काँदोर्सेनें १७८५ सालीं सुचविल्याप्रमाणें जोडीजोडीची झुंज लावली. अभंगानें लावणीला ३९ विरुद्ध २७ आणि नाट्यपदाला ४२ विरुद्ध २४ असें हरविलें. अभंग एकाही चिठ्ठीवर शेवटीं नव्हता. चिठ्ठ्या त्याच, रीत बदलली कीं विजयी गाणें बदले.

अर्थात् याही रीती निर्दोष नाहींत. बोर्दाच्या रीतींत प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम शेवटीं ढकलतां येतें. काँदोर्सेच्या झुंजींत पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला आणि तिसरा पुन्हा पहिल्याला हरवूं शकतो. उमेदवार तीन किंवा अधिक असले, म्हणजे न्याय्य वाटणाऱ्या साऱ्या अटी कोणत्याही एका क्रमरीतींत बसत नाहींत, हें अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यानें १९५१ सालीं सिद्धच केलें.

म्हणून निकाल कळण्यापूर्वीं रीत जाहीर करण्यांत निम्मा न्याय आहे, असें आम्हांला वाटतें. निकाल पाहून रीत निवडणारा परीक्षक कितीही विद्वान् असो, तो स्वतःचें सदुसष्टावें मत टाकीत असतो, आणि तें एकटें उरलेल्या ६६ मतांना भारी पडतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही सारे हिशेब फळ्यावर मांडले, आपली आवड सांगितली आणि चूक कबूल केली. थोडी कुजबुज झाली. मग लावणीवाल्यांतला एक तरुण उठून म्हणाला, "सर, अभंगाला नको म्हणणारा इथें कोणी नाहीं. तोच द्या. पण पुढच्या सालीं नियम आधीं लावा."

पुढच्या सालचा नियम आम्ही आतांच लिहून मंडळाच्या भिंतीवर चिकटविला आहे. त्या नियमानें आमचें नाट्यपद बहुधा पुन्हा हरेल.